ठरलेली वेळ आणि आमची मंडळी

मित्रांसोबत युरोपात फिरताना रोज सकाळी कोणीतरी एक जण खोलीतच रेंगाळतो आणि बाकीचे पाच जण हॉटेलच्या दारात ताटकळत उभे राहतात, याचा मला आता मनापासून वीट आला आहे. मिलानमध्ये लिओनार्दोचे ‘अंतिम भोजन’ हे भित्तिचित्र पाहायला एका वेळी मोजक्याच लोकांना, तेही जेमतेम १५ मिनिटांसाठी आत सोडतात. त्याची तिकिटे मी कित्येक आठवडे आधी, रात्री जागून मिळवली होती. एकाच्या शर्टाच्या इस्त्रीपायी ती वेळ हुकली. ॲमस्टरडॅमला, नाझींपासून लपून डायरी लिहिणाऱ्या ॲन फ्रँकच्या घरापाशीही तेच झाले. वर मलाच ऐकवतात, ‘एवढं काय त्यात, बाहेरून तर पाहिलं ना!’ ज्या भिंतीसाठी मी इतक्या दूर आलो, ती आतली भिंत बाहेरून कशी दिसणार?