मैदानाच्या गेटवर दरपत्रक

सकाळपासून डोकं फिरलंय, म्हणून लिहितेय. पोस्ट लांब होणार आहे.

आमच्या भागात महापालिकेचं एक मैदान आहे. त्याच्या निम्म्या भागाला मध्यंतरी हिरवी जाळी लागली, खाली प्लास्टिकचं गवत आलं आणि आज बघते तर गेटवर दरपत्रक! सकाळचा दर वेगळा, रात्री दिवे लावून खेळायचा वेगळा, शनिवार-रविवारचा त्याहून चढा. बुकिंग ॲपवरून. उरलेल्या निम्म्या जागेत ठेकेदाराची खडी पडलीय. रोज तिथे टेनिस बॉलनं खेळणारी वस्तीतली पोरं बाहेर फुटपाथवर बॅट घेऊन उभी होती. सिक्युरिटीवाले काका म्हणाले, "मॅडम, हे आता प्रायव्हेट झालंय." कुणी केलं, असं विचारलं, तर त्यांनी नुसते हात वर केले. त्यांच्यावर माझा राग नाही. ते नोकरी करताहेत.

पण महापालिकेची जागा प्रायव्हेट होते कशी? तुम्हाला कुणी विचारलं होतं? मला तर नाही.

माझे बाबा पुण्यात स्वारगेटच्या एसटी डेपोत मेकॅनिक होते. २९ फेब्रुवारी १९९६, वर्ल्ड कप, नेहरू स्टेडियमवर वेस्ट इंडिज विरुद्ध केनिया. मॅच एकतर्फी होणार असं सगळेच म्हणत होते, म्हणून बाबांना दोन तिकिटं मिळाली. मला शाळेतून काढून नेलं. डेपोतून स्टेडियम चालत पाच मिनिटांवर, बाबांच्या हाताला ग्रीसचा वास तसाच. केनिया १६६ वर ऑल आउट. मग वेस्ट इंडिजचा स्टार बॅट्समन लारा आठ धावांवर गेला, विकेटकीपर तारिक इक्बालनं कॅच घेतला, आणि आख्खं स्टेडियम केनियाचं झालं. वेस्ट इंडिज ९३! शेजारच्या अनोळखी आजोबांनी मला उचलून घेतलं होतं. ज्यांना जगाच्या नकाशावर केनिया दाखवता आला नसता, अशी माणसं केनियासाठी घसा फोडून ओरडत होती.

ते स्टेडियम महापालिकेचं होतं, एसटी स्टँडच्या शेजारी होतं, म्हणून एक मेकॅनिक मुलीला घेऊन तिथे जाऊ शकला. माझ्यासाठी मुद्दा एवढाच आहे.

मग काय झालं? क्रिकेट असोसिएशन आणि महापालिका यांच्यात तिकिटांवरून, पासांवरून वाजलं आणि असोसिएशननं गहुंज्याला स्वतःचं स्टेडियम बांधलं. २०१२ मध्ये त्याला सहाराच्या सुब्रत रॉय यांचं नाव दिलं, पुढे पैसे थकले म्हणून ते उतरवलं. एक्स्प्रेसवेच्या कडेला, स्वारगेटपासून पंचवीस-तीस किलोमीटर. गाडी असेल तर जा. २०२४ मध्ये न्यूझीलंडच्या टेस्टला तिथे उन्हात प्रेक्षकांना प्यायला पाणी मिळेना, असोसिएशनला माफी मागावी लागली. आठवतंय ना?

मुंबईतही हेच. ब्रेबॉर्न स्टेडियम क्रिकेट क्लब ऑफ इंडिया (सीसीआय) या क्लबचं. तिथेही क्लब आणि मुंबईची क्रिकेट असोसिएशन यांच्यात तिकिटांवरूनच भांडण झालं आणि त्यातून हाकेच्या अंतरावर वानखेडे उभं राहिलं, १९७५ ची पहिली टेस्ट, क्लाइव्ह लॉइड नाबाद २४२. दोन्ही वेळा भांडण कशावरून? आत कुणी बसायचं यावरून. ज्याची मालकी, तो ठरवणार. म्हणून मालकी कुणाची याला मी इतकी चिकटून बसलेय.

हो, गहुंज्याचं गवत सुंदर आहे. नेहरू स्टेडियमच्या स्वच्छतागृहांबद्दल न बोललेलंच बरं. आणि महापालिकेच्या हातात गेलेल्या कित्येक मैदानांवर मांडव, सभा आणि पार्किंगच जास्त होतं, हेही मान्य. पण छप्पर गळतं म्हणून घर सावकाराला लिहून देत नाही कुणी. महापालिका काम करत नसेल तर तिच्याकडून करून घ्यायचं. अर्ज करायचा, माहिती अधिकारात फाइल मागायची, नगरसेवकाला चौकात अडवायचं. २०२२ पासून कितीतरी काळ नगरसेवकच नव्हते, प्रशासक होते, आणि असले करार नेमके अशा काळातच गुपचूप सरकतात असा माझा ठाम समज आहे. टर्फवाल्या ठेकेदाराला कुठल्या चौकात अडवणार? बीसीसीआय तर माहिती अधिकाराखाली यायलाच तयार नाही.

आणि हे "मालकी महापालिकेचीच, फक्त देखभाल खासगी" वगैरे मला सांगू नका. मुंबईत २०१६ मध्ये मोकळ्या जागा दत्तक द्यायचं धोरण याच भाषेत आणलं होतं. लोक रस्त्यावर आले, मुख्यमंत्र्यांना स्थगिती द्यावी लागली. आधी दत्तक गेलेल्या काही मैदानांवर क्लबहाऊस उभे राहिलेले मुंबईकरांनी डोळ्यांनी पाहिले होते, म्हणून ते चिडले. २०२३ मध्ये तोच प्रकार पुन्हा आणून पाहिला.

मघाशी बाबांना फोन केला. रिटायर होऊन बरीच वर्षं झाली. सांगितलं सगळं, तर ते केनियाच्या मॅचवरच आले, लाराचा कॅच पुन्हा ऐकवला. मग म्हणाले, "तेव्हा तिकिटासाठी रांगेत साहेब पण होता आणि आमच्या डेपोचा हेल्पर पण होता." बोलताना त्यांचा आवाज जरा थरथरतो आता. राग थोडा उतरला माझा.

पण मग त्या मुली आठवल्या. पोलीस भरतीची तयारी करणाऱ्या चौघीजणी पहाटे त्या मैदानावर येतात, आठशे मीटर पळतात, गोळाफेकीचा सराव करतात. एकीचे वडील भाजीची गाडी लावतात. त्यांनी ॲपवर स्लॉट बुक करायचा? ताशी दरानं पळायचं? जाळीच्या आत प्लास्टिकच्या गवतावर आठशे मीटर होतात तरी का?

"पैसे भरणाऱ्यांना चांगली सोय मिळाली तर काय बिघडलं" अशी कमेंट येणारच. भरा ना पैसे. खासगी जागेवरचे टर्फ गल्लोगल्ली आहेत, तिथे खेळा, मी कोण अडवणार? त्यासाठी सगळ्यांचं मैदान कशाला लागतं?

उद्या अकरा वाजता क्षेत्रीय कार्यालयात जातेय. ठराव कधी झाला, करार किती वर्षांचा, भाडं किती आणि खडी कधी उचलणार, हे चार प्रश्न लेखी देणार आहे. पोहोच घेतल्याशिवाय हलणार नाही. त्या मुलींपैकी दोघी येतो म्हणाल्यात. या भागातलं अजून कोण येतंय? खाली नाव लिहा. पावणेअकराला गेटपाशी भेटू.