शेऱ्याचा रकाना

राखीपौर्णिमेच्या दिवशी, 9 ऑगस्ट 2025 ला, नागपूर-जबलपूर महामार्गावर देवलापारजवळ एका ट्रकने मोटरसायकलला धडक दिली. मागे बसलेली बाई गेली. नवरा रस्त्यावर हात करत राहिला, कुणी थांबलं नाही. शेवटी त्याने बायकोचा देह मोटरसायकलला बांधला आणि निघाला. तो व्हिडिओ मी इथे नेदरलँड्समध्ये, ट्रॅममधून जाताना पाहिला. माझा थांबा केव्हा मागे पडला ते कळलंच नाही.

काही दिवसांनी नागपूरहून दादाचा मेसेज आला. त्या नवऱ्याला एवढंच आठवत होतं की ट्रकवर लाल खुणा होत्या. पोलिसांनी टोलनाक्यांवरचं सीसीटीव्ही चित्रण एआयला दिलं, त्याने ट्रक हुडकला, आणि 36 तासांत चालक ताब्यात आला. हे काम 'मार्वल'चं. राज्य सरकारने 2024 मध्ये पोलिसांसाठी स्थापन केलेली, नागपुरातून चालणारी एआय कंपनी. बातमीखाली दादाने लिहिलं होतं, "पाहा. माणसं थांबली नाही, मशीननं शोधलं. आता दाखले, अनुदान, नुकसानभरपाई, सगळं यालेच देऊन टाका. मशीन पैसे खात नाही न बाप्पा."

या शेवटच्या वाक्यावरून आम्हा बहीणभावांचं तेव्हापासून जे भांडण सुरू आहे ते अजून मिटलेलं नाही.

त्या तपासाचा मलाही अभिमान वाटला, हे आधी सांगते. महामार्गावरच्या शेकडो ट्रकांमधून लाल खुणांचा एक ट्रक निवडायला डोळ्यांत तेल घालून दहा हवालदार बसवले असते तरी किती दिवस गेले असते कोण जाणे. अशा कामाला यंत्र हवंच. पण ट्रक ओळखणं वेगळं आणि एखाद्या बाईचा अर्ज खरा की खोटा हे ठरवणं वेगळं. यंत्राने ट्रक दाखवल्यावर पोलिस त्या ट्रकपर्यंत गेले, चालकाला समोर बसवून विचारलं. यंत्राने अर्ज नाकारला की अर्जदाराच्या घरी कोण जातं?

आणि हे दादाने बोलावं याचं मला जास्त लागतं, कारण आमचे बाबा बाबूच होते. हिंगण्याच्या तहसील कार्यालयात कारकून. संजय गांधी निराधार योजनेचे अर्ज त्यांच्या टेबलावर यायचे. एकदा एक विधवा आली. रेशन कार्डावर तिचं नाव अनसूया, नवऱ्याच्या मृत्यूच्या दाखल्यावर बायकोचं नाव अनुसया, आणि गावात सगळे तिला अनसाबाई म्हणत. अर्ज दोनदा परत गेला होता. बाबांनी गावच्या पोलीस पाटलाला बोलावून घेतलं, दोन शेजाऱ्यांना विचारलं आणि अर्जावर शेरा मारला : दोन्ही नावे एकाच व्यक्तीची असल्याची खात्री केली. मग स्वतः फाइल घेऊन साहेबांकडे गेले. त्या रात्री जेवताना म्हणाले, "बाईले नाव एकच होतं, लिहिणारे दोन होते." मी तेव्हा सातवीत होते. ते वाक्य मी आजवर विसरले नाही.

"बाबांसारखे किती होते?" दादा विचारतो. प्रश्न खोटा नाही. बाबांच्या शेजारच्याच टेबलावर चहापाण्याशिवाय कागद हलत नसे, हे आम्ही दोघं लहानपणापासून ऐकत आलो. पण तो शेजारचा माणूस कोण आहे हे सगळ्या तालुक्याला माहीत होतं. त्याच्यापुढे रडता यायचं, त्याच्याशी भांडता यायचं, लाचलुचपत विभागाकडे जाता यायचं. ज्याचं तोंडच दिसत नाही त्याच्याशी भांडायचं कसं, हे मी इथे येऊन पाहिलं.

माझी खालच्या मजल्यावरची शेजारीण सुरिनामची. तिची आजी सरनामी, म्हणजे तिकडची भोजपुरी वळणाची बोली, बोलायची; शेजारीण मला दीदी म्हणते. तिच्या स्वयंपाकघरात बिस्किटांच्या डब्यात कर खात्याची निळी पाकिटं ठेवलेली आहेत आणि आजही नवं निळं पाकीट आलं की ती एकटी उघडत नाही, माझी बेल वाजवते. पाळणाघराच्या अनुदानात लबाडी केली असा ठपका ठेवून हजारो आईबापांच्या मागे वसुली लावली गेली, त्यांतली ती एक. एखादी सही राहिलेली, हप्त्यातला थोडा फरक, एवढ्यावर वर्षांचं सगळं अनुदान परत मागितलं गेलं. कुणाचे अर्ज तपासायचे हे 2013 पासून एक संगणकी मॉडेल सुचवत होतं आणि अर्जदार डच नागरिक आहे की नाही हा त्यातला एक निकष होता. अर्ज ज्या कर्मचाऱ्याच्या हातात जायचा त्याला मॉडेलने बोट का दाखवलं हे सांगितलं जात नव्हतं. घरं विकली गेली, संसार मोडले, हजाराहून जास्त मुलं आईबापांपासून काढून दुसरीकडे ठेवली गेली. त्या मॉडेलने एका पैशाची लाच घेतली नव्हती.

हे सगळं मी दादाला फोनवर सांगितलं आणि वर म्हणाले, "निदान आमच्याकडे 15 जानेवारी 2021 ला याच कारणावरून सगळं मंत्रिमंडळ पायउतार झालं. तुमच्याकडे एक तलाठी तरी हलला असता का?"

दादा पेपर बारीक वाचतो. म्हणाला, "अन् मार्चमध्ये निवडणूक झाली तर तोच पंतप्रधान रुटे पुन्हा आला न?" आला. पुढच्या जानेवारीत त्याचं चौथं मंत्रिमंडळही झालं. त्या दिवशी मी फोन लवकर ठेवला.

पोळ्याच्या सुमारास वाद दुसऱ्या टोकाला गेला. कॉलनीच्या ग्रुपवर कुणी तरी मारबतीच्या मिरवणुकीचा फोटो टाकून लिहिलं, "इडा पिडा, एआय घेऊन जा गे मारबत." त्याखाली पुतण्याने हात जोडल्याचं चिन्ह टाकलं. तो मिहानमध्ये सॉफ्टवेअर टेस्टिंगला आहे. जुलैमध्ये टीसीएसने 12,000 हून जास्त लोक कमी करण्याचं जाहीर केलं, तेव्हापासून त्याला झोप नाही. त्याची कंपनी वेगळी आहे, आणि टीसीएसच्या प्रमुखांनी कपातीचं कारण एआय नाही असंही सांगितलं होतं. भीतीला असल्या तपशिलाने उतारा पडत नाही. दादाने त्याच ग्रुपवर रॉटरडॅम बंदराचा व्हिडिओ टाकला : चालकाविना धावणाऱ्या गाड्या, त्यांवर कंटेनर, माणूस एकही नाही. आणि खाली, "माझी बहीण तिथंच असते. आपणही रडत बसण्यापेक्षा शिका."

माझं नाव घेतल्यामुळे मला उत्तर देणं भाग पडलं. त्या गाड्या तिथे 1993 पासून धावताहेत. 2015 मध्ये आणखी दोन स्वयंचलित टर्मिनल उघडली, तेव्हा गोदी कामगारांनी जानेवारी 2016 मध्ये 24 तास काम बंद ठेवलं. यंत्रं काढून टाका असं ते म्हणत नव्हते. यंत्रं येतील तेव्हा आमचं काय, ते कागदावर लिहून द्या, एवढंच त्यांचं म्हणणं होतं. काही वर्षं कुणालाही जबरदस्तीने घरी पाठवणार नाही अशी हमी त्यांनी मिळवली. व्हिडिओत माणूस दिसत नाही, पण त्या गाड्यांच्या मागे तो कागद आहे.

हे लिहिताना मला वाटत होतं की मी नागपूरला काही तरी नवं शिकवते आहे. मग आजोबा आठवले. ते एम्प्रेस मिलच्या रिंग खात्यात, म्हणजे सूतकताईत होते. जमशेटजी टाटांनी ती मिल 1 जानेवारी 1877 ला सुरू केली आणि 1880 च्या दशकात, लँकेशायरच्या बहुतेक गिरण्या जुन्या पद्धतीनेच सूत काढत होत्या तेव्हा, नागपुरात रिंगचे चाते आणून बसवले. त्याच दशकात, 1886 मध्ये, कामगारांसाठी पेन्शन फंड निघाला. 1895 मध्ये अपघाताची भरपाई सुरू झाली. नवं यंत्र आणि म्हातारपणाची सोय एकाच आवारात, एकाच पिढीत आली. रॉटरडॅमपर्यंत यायची गरजच नव्हती, गांधीसागरच्या काठावर उभं राहिलं असतं तरी चाललं असतं. आता तिथे मॉल आहे आणि भोंगा आठवणारी माणसंही थोडी उरली आहेत. पुतण्या त्या मॉलमध्ये कितीदा गेला असेल. त्या जागेवर पेन्शन फंड होता हे त्याला कुणी सांगितलं नाही. मीही नाही.

तरी माझा तोरा उतरला नव्हता. ऑक्टोबरात दादाला मी युम्बो या इथल्या सुपरमार्केटच्या गप्पांच्या गल्ल्याची गोष्ट सांगितली. सगळीकडे स्वतःच वस्तू स्कॅन करायच्या, मध्येच स्टेकप्रूफ, म्हणजे पिशवीची अचानक तपासणी, लागली तर थांबायचं, अशा दुकानांत 2019 मध्ये ब्राबांटमधल्या एका गावी त्यांनी एक गल्ला असा ठेवला की जिथे गल्ल्यावरची बाई घाई करत नाही. एकट्या म्हाताऱ्यांनी यावं, नातवंडांविषयी बोलावं. 2021 मध्ये असे गल्ले 200 दुकानांत काढायचं त्यांनी ठरवलं. "बघ," मी म्हणाले, "आमच्याकडे माणूस काढून टाकल्यावर त्यांना कळलं की माणूस लागतो."

दादा थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "तू पहिले 'आपल्याकडे' म्हणायची. आता नागपूरचं बोलली की 'तुमच्याकडे' अन् तिथलं बोलली की 'आमच्याकडे'. मी तुयाशी भांडून नाही राहिलो. फक्त विचारून राहिलो, मी कोणात येतो?"

मराठीत हे लपवता येत नाही. आपण म्हटलं की ऐकणारा आत असतो, आम्ही म्हटलं की बाहेर. अठरा वर्षांत मी त्याला केव्हा बाहेर ठेवलं ते मला सांगता आलं नाही. पण एक गोष्ट मी त्याला त्या रात्री सांगितली, जी आधी कुणालाच सांगितली नव्हती. या सगळ्या भांडणात मी एवढी का तापते तेही त्यातच आहे.

मी मालवाहतुकीच्या विम्याचे दावे हाताळणाऱ्या एका कंपनीत आहे. खराब झालेला माल, भिजलेली खोकी, उशिरा पोचलेले ट्रक. या दाव्यांची पहिली छाननी आधी पुण्यात व्हायची. काम वाढलं तेव्हा मी हट्ट धरला की नवी टीम नागपूरला घ्या. तिथली पोरं हुशार आहेत, खर्च कमी आहे, मी स्वतः लक्ष देईन. नऊ जण घेतले. 2019 मध्ये त्यांना भेटायला गेले तेव्हा मी स्ट्रोपवाफलचे डबे नेले, त्यांनी मला संत्रा बर्फी दिली, सकाळी तर्री पोहे खायला घेऊन गेले. त्यांतली एक मुलगी हिंगण्याची होती. बाबांचं नाव सांगितल्यावर तिची आई ओळखेल म्हणाली.

त्यांच्या फॉर्ममध्ये शेवटी एक मोकळा रकाना होता. नियमाने तो भरायची गरज नव्हती, तरी ते भरायचे. "ड्रायव्हरशी हिंदीत बोललो. पावसात ताडपत्री फाटली, फोटो नंतर पाठवतो म्हणाला. खरं वाटतं." "कंपनीचं नाव दोन ठिकाणी वेगळं आहे, पण पत्ता एकच. फोन करून खात्री केली."

2023 मध्ये छाननी मॉडेलकडे द्यायचं ठरलं. आराखडा माझ्याकडे होता. तो मोकळा रकाना मॉडेलला वापरता येत नव्हता. प्रत्येकाची भाषा वेगळी, स्पेलिंग वेगळं, काही मराठीत लिहिलेलं. मी तो काढून टाकला. चार महिन्यांनी आकडे आले. निकाल झपाट्याने लागत होते आणि तक्रारी कमी झाल्या होत्या. बैठकीत माझं कौतुक झालं. तक्रारी कमी झाल्या कारण त्या घेणारंच कुणी उरलं नव्हतं, हे माझ्या लक्षात आलं होतं आणि मी बोलले नाही. नऊपैकी तिघांना दुसरीकडे घेतलं. बाकी सहा जणांना प्रोजेक्ट संपला असं सांगितलं गेलं. त्या ईमेलचा मसुदा मी वाचून दिला होता. हिंगण्याची मुलगी त्या सहांत होती.

शेजारणीचं निळं पाकीट उघडून देताना माझा हात थरथरतो तो यामुळे. बाबांचा शेरा ज्या रकान्यात होता तो रकाना मी माझ्या हाताने पुसला, आणि पुसला तो माझ्याच गावच्या पोरांचा. कामगार संघटना, लेखी हमी, हे सगळं मी ग्रुपवर लिहिलं, पण त्या सहा जणांसाठी असा एकही कागद मी मागितला नव्हता. इथल्या सहकाऱ्यांसाठी मागावा लागला नसता, तो आधीच होता.

दादा मला काही बोलला नाही. "झोप आता, तिकडे उशीर झाला असेल," एवढंच म्हणाला.

डिसेंबरात त्याचा फोन आला तो वेगळ्याच कामासाठी. त्यांच्याकडे स्वयंपाकाला येणाऱ्या मावशींचे लाडक्या बहिणीचे 1,500 रुपये अडकायची वेळ आली होती. सप्टेंबरपासून ई-केवायसी सक्तीची झाली होती आणि त्यात नवऱ्याचा नाही तर वडिलांचा आधार क्रमांक मागत होते, त्यावर ओटीपी येणार. मावशींचा नवरा नाही, वडीलही नाहीत. हे काही एआय नाही, साधी संगणकी अट आहे, पण मावशींसाठी फरक काय? दोनदा केंद्रावर जाऊन त्या रडत परत आल्या. मग सरकारनेच सांगितलं की अशा बायकांनी स्वतःची केवायसी करून मृत्यूचा दाखला अंगणवाडी सेविकेकडे द्यावा. दादा स्वतः त्यांना स्कूटरवर बसवून घेऊन गेला होता.

"दाखल्यावर अन् आधारवर नाव वेगळं निघालं," तो म्हणाला. "म्हटलं, झालं आता. पण त्या बाईनं चार प्रश्न विचारले, शेजारच्या दोघींना हाक मारली, अन् घेतला कागद. वर हातानं काहीतरी लिहिलं."

"काय लिहिलं?"

"ते कुठं वाचलं मी. मावशीले घाई होती, पोळ्या राहिल्या होत्या."