'यी ओल्ड'मधला 'यी' म्हणजे 'द'च

इंग्लंडमधील दुकानांवरच्या 'यी ओल्ड' (Ye Olde, म्हणजे 'जुने') या पाट्यांवरून, पूर्वीचे इंग्रज 'द'ऐवजी 'यी' म्हणत, असा मजकूर सध्या फिरत आहे. तो खरा नाही. जुन्या इंग्रजीत 'द'मधल्या (the) 'th' या उच्चारासाठी रुन लिपीतून, म्हणजे उत्तर युरोपातल्या एका प्राचीन लिपीतून, घेतलेले 'थॉर्न' हे स्वतंत्र अक्षर होते आणि हस्तलिखितांतील त्याचे वळण पुढे 'वाय'सारखे दिसू लागले. १४७६ च्या सुमारास विल्यम कॅक्स्टनने तेथे छापखाना काढल्यानंतर, युरोपातून येणाऱ्या खिळ्यांत (छपाईच्या धातूच्या अक्षरांत) थॉर्न नसल्यामुळे, मुद्रक त्याच्या जागी अनेकदा 'वाय' जुळवत. वाचणारा मात्र 'द'च म्हणत असे. 'तुम्ही' या अर्थाचे 'यी' हे सर्वनाम अगदी निराळे. पाट्यांची ही हौस तर बहुतांशी १९व्या शतकातली, म्हणजे दिसते तेवढी जुनी नाहीच.