शेवटचा रकाना

माझं कार्ड पहिल्यांदा नाकारलं गेलं तेव्हा मी हिशेबाची वही विकत घेत होतो. साधीसुधी नाही. चामड्याची बांधणी, आत रेशमी खूणदोरी, आणि सोबत त्याच रंगाचं पेन. खर्चाला आळा घालायचाच तर सुरुवात जरा बऱ्या वहीपासून व्हावी, एवढाच माझा शुद्ध हेतू. यंत्राने कार्ड घेतलं, थोडा विचार केला आणि बारीक आवाजात चुकचुकलं. काउंटरवरचा मुलगा म्हणाला, "दुसरं आहे का काका?" होतं. तेही चुकचुकलं.

"तिसरं?"

तिसरंही होतं. पण ते असल्याचं घरात कोणालाच माहीत नव्हतं, आणि माझ्या मागेच बायको उभी होती.

"तिसरं नाहीये," मी म्हणालो.

"आहे ना काका, ते काय, निळं दिसतंय पाकिटात."

वही तिथेच राहिली. घरी पोचेपर्यंत बायको अवाक्षर बोलली नाही. भांडली असती तर बरं झालं असतं. भांडणात निदान विषय दुसरीकडे नेता येतो, आणि त्या कलेत मी निष्णात आहे.

त्या रात्री खण उघडला गेला. प्रत्येक घरात असा एक खण असतो. आमचा बाहेरच्या खोलीतल्या कपाटाचा खालून दुसरा. तो सरळ उघडत नाही. आधी थोडा उचलावा लागतो, मग आत फूटपट्टी घालून काहीतरी दाबावं लागतं. आत बंद पाकिटं, कधीच मोडीत गेलेल्या वस्तूंची वॉरंटी कार्डं, मेलेले सेल, आणि उन्हाळ्यात वितळून पाकिटांना कायमचे चिकटलेले रबर. न उघडलेल्या पाकिटातलं कर्ज वाढत नाही, अशी माझी अनेक वर्षांची श्रद्धा होती. धाकटी फरशीवर फतकल मारून एकेक पाकीट कात्रीने उघडत होती, थोरला तारखेप्रमाणे लावत होता, बायको मागच्या वर्षीच्या कॅलेंडरच्या पाठीवर आकडे मांडत होती आणि आई चष्मा पुसत होती. तो चष्मा एरवी इतका वेळ कधी मळलेला नसतो.

बेरीज आली माझ्या पावणेपाच महिन्यांच्या पगाराएवढी.

"यात घराचा हप्ता धरलाय?" थोरल्याने विचारलं.

"नाही."

"धरू?"

"नको," आम्ही तिघांनी एकदम सांगितलं. बऱ्याच महिन्यांत घरात झालेलं ते पहिलं एकमत.

आता हे कोणी केलं, हा प्रश्न आला. घरखर्चाचं एक व्याकरण असतं. प्रथमपुरुषी खर्चाला गरज म्हणतात, द्वितीयपुरुषी खर्चाला हौस आणि तृतीयपुरुषी खर्चाला उधळपट्टी. मी चालायला जायचे बूट घेतले ती गरज. (तीनदा चाललो. त्यातला एक फेरा बूट बदलून आणायचा होता.) बायकोने तीन ऑनलाइन कोर्सेसचे पैसे भरले होते आणि तिन्हींचा पहिला धडा पाहिला होता. थोरल्याच्या नावावर इतक्या वर्गण्या निघाल्या की त्या बघायच्या म्हटल्या तर त्याला कॉलेज सोडावं लागलं असतं. धाकटी सुटली असं वाटत होतं, पण तिच्या मोबाइल खेळातल्या घोड्याला खोगीर माझ्या दुसऱ्या कार्डाने घेऊन दिलं होतं.

आणि मग आई. एका पाकिटावर तिचं नाव होतं. पाय चेपायचं यंत्र. बिनव्याजी बारा हप्ते.

"बिनव्याजी म्हटलं होतं रे त्यांनी," आई म्हणाली.

"व्याज नाही आई, पण हप्ते असतातच ना!"

"ते बारीक अक्षरात असेल."

सगळ्यात मोठा ऐवज मात्र एका सोफ्याचा निघाला, आणि तो एकट्या सोफ्याचा नव्हता. सोफा आला तसे पडदे कळकट दिसायला लागले. पडदे बदलले तर भिंतीचा रंग विटलेला दिसला. रंग दिल्यावर दिवा गरीब वाटला, आणि नवा दिवा लागल्यावर त्या उजेडात सतरंजीची खरी परिस्थिती उघड झाली. हे फक्त आमच्याच घरात होतं असं मला वाटायचं. पण 1769 साली देनी दिदरो या फ्रेंच लेखकाने अख्खा निबंध या दुखण्यावर लिहून ठेवलाय. त्याला झकपक लाल झगा मिळाला, त्या झग्यापुढे खोलीतली एकेक जुनी वस्तू भिकार दिसू लागली, आणि एकेक करत तो सगळ्या बदलत गेला. माणूस शहाणा, शेवटी जुन्या झग्यासाठी गळा काढून रडला. मी बायकोला म्हटलं, बघ, ज्ञानकोश रचणारा माणूससुद्धा यातून सुटला नाही. ती म्हणाली, त्याने निदान त्यावर निबंध तरी लिहिला, तू काय केलंस? (तर हा घे.)

एका बाबतीत मात्र माझी मान ताठ होती. मी एकाही महिन्यात मिनिमम ड्यू, म्हणजे किमान भरायची रक्कम, चुकवला नव्हता. बिलावर दोन आकडे येतात, एक भयंकर आणि एक गोंडस. मी दर महिन्याला तो गोंडस आकडा भरून निर्धास्त झोपत होतो. धाकटी नववीत आहे. चक्रवाढ व्याज तिच्या डोक्यात ताजंच होतं. तिने माझ्याकडे बोट दाखवून विचारलं, "बाबा, समजा देणं शंभर. महिन्याचं व्याज तीन टक्के. तुम्ही भरता पाच टक्के. किती उरलं?"

"पंच्याण्णव," मी.

"एकशे तीनचे पाच टक्के, बाबा. भरले 5.15, उरले 97.85. म्हणजे कर्ज कमी झालं 2.15. बाकीचे तीन व्याजात गेले." मग ती कॅलक्युलेटर घेऊन जरा वेळ गप्प बसली. ती गप्प बसली की मला धास्ती वाटते. "नवीन काही घेतलं नाही, तरी हे शंभराचं पन्नास व्हायला 32 महिने लागतील. आणि तोवर तुम्ही भरले असतील जवळपास 120."

शंभरातले पन्नास फेडायला एकशे वीस. मी तिला पुन्हा करायला लावलं. पुन्हा तेच आलं. भूमितीत ती कच्ची आहे म्हणून याच मुलीला मी मागच्या आठवड्यात झापलं होतं.

मग आधी कोणतं कर्ज फेडायचं यावर तीन रात्री गेल्या. माझं म्हणणं, ज्याचं व्याज जास्त ते आधी; एकूण व्याज कमी जातं. बायकोचं म्हणणं, जे छोटं ते आधी. एक तरी संपलेलं डोळ्यांनी दिसू दे. मी म्हटलं, गणित माझ्या बाजूने आहे. ती म्हणाली, "गणित तुझ्या बाजूने होतं तर खण कसा भरला?" याला उत्तर नव्हतं. शेवटी आईच्या यंत्राचे उरलेले हप्ते पहिल्याच महिन्यात एकदम भरून टाकले, धाकटीने कॅलेंडरवर त्या नावावर लाल रेघ मारली, आणि त्या रेघेकडे मी दिवसातून चारदा पाहायला लागलो. त्यापुढे बाकी सगळ्यांना किमान रक्कम आणि उरलेला सगळा जोर जास्त व्याजाच्या निळ्या कार्डावर. दोघंही जिंकलो असं दोघंही सांगतो.

कार्डांचं काय करायचं? थोरल्याने ती पाण्याच्या डब्यात घालून फ्रीझरमध्ये गोठवली. मोह झाला तरी बर्फ वितळेपर्यंत मन थाऱ्यावर येतं म्हणे. कल्पना नामी होती. फक्त माझ्या फोनमध्ये तिन्ही कार्डांचे नंबर साठवलेले होते. ते त्याने पुसले. तरी चौथ्या दिवशी एक हेडफोन घरी आला. मला मुलांच्या जन्मतारखा विचारल्या तर मी बायकोकडे बघतो, पण निळ्या कार्डाचे सोळा आकडे तोंडपाठ निघाले. 1950 साली डायनर्स क्लब या कंपनीची पहिली कार्डं निघाली ती पुठ्ठ्याची होती. ती पद्धत टिकली असती तर फ्रीझरमधल्या त्या डब्यातच आमचा प्रश्न लगदा होऊन मिटला असता.

हेडफोन परत गेला आणि घरात पाकिटांचं राज्य आलं. महिन्याच्या सुरुवातीला रोख काढायची आणि पाच पाकिटांत घालायची: किराणा, वीज-पाणी, औषधं, शिक्षण, हौस. पाकीट रिकामं झालं की त्या खर्चापुरता महिना संपला. ऐकायला इतकं सोपं की आम्ही आधी का केलं नाही असं वाटावं.

नऊ तारखेला हौस संपलं. घरात सगळे धडधाकट होते, तेव्हा हौसने औषधांकडून थोडे उसने घेतले. मी रीतसर चिठ्ठी लिहून ठेवली. बाराला आईला सर्दी झाली, म्हणून औषधांनी वीज-पाण्याकडे हात पसरला. चिठ्ठी. सोळाला विजेचं बिल आलं, वीज-पाण्याने शिक्षणाकडून घेतले. चिठ्ठी. वीस तारखेला आम्ही पाचही पाकिटं टेबलावर रिकामी केली तेव्हा नोटा सात निघाल्या आणि चिठ्ठ्या अकरा. कर्ज संपवायला निघालेल्या घरात आत एक छोटी बँकिंग व्यवस्था उभी राहिली होती. थोरला कॉमर्सला आहे. त्याने हौसला दिवाळखोर जाहीर केलं आणि किराण्याच्या वतीने शिक्षणाकडे दोन टक्के व्याज मागितलं.

"सावकार जन्माला आलाय घरात," आई म्हणाली. तिने पाचही पाकिटं उचलली आणि आपल्या उशीखाली ठेवली.

बाकी काही नाही, पण हा उपाय लागू पडला. पैसे हवे असले तर आईकडे जायचं. ती नाही म्हणत नसे. फक्त विचारायची, "का?" आणि उत्तर येईपर्यंत चष्म्यावरून बघत राहायची. यंत्रापुढे कार्ड धरणं आणि सत्तरीतल्या आईपुढे उभं राहून "कारण त्याला फिरणारा प्रकाश आहे" असं म्हणणं यात फार फरक आहे. मी दोनदा वाक्य अर्ध्यावर सोडून परत फिरलो.

दरम्यान धाकटी कुठूनतरी 'काकेइबो' घेऊन आली. म्हणजे जपानी भाषेत घरखर्चाची वही. हानी मोतोको नावाच्या पत्रकार बाईंनी 1904 साली ती काढली. खर्च हाताने लिहायचा आणि त्याचे चार भाग करायचे: गरज, हौस, संस्कृती आणि अचानक आलेला. आम्ही थोरल्याच्या शाळेतल्या जुन्या वहीची उरलेली पानं घेतली. त्यामुळे आमच्या जमाखर्चाची सुरुवात पचनसंस्थेच्या आकृतीच्या पाठीवर झाली, आणि ते योग्यच झालं. 'संस्कृती' हा रकाना पहिल्याच आठवड्यात भ्रष्ट झाला. थोरल्याने त्यात व्हिडिओ गेम घातले, बायकोने कोर्स घातले, मी न वाचलेली पुस्तकं घातली. मग आईने पट्टी घेऊन उजवीकडे एक पाचवा रकाना आखला आणि वर लिहिलं: का?

पहिले काही दिवस सगळे खोटं लिहीत होते. "आवश्यक." "सूट होती." "केव्हातरी लागलंच असतं." पण रविवारी वही मोठ्याने वाचायची असं ठरलं, आणि मोठ्याने वाचताना खोटं फार वाईट ऐकू येतं. हळूहळू दुसरंच काही उतरायला लागलं. मी लिहिलं, "लिफ्टमध्ये शेजाऱ्याच्या हातात पाहिलं." थोरल्याने लिहिलं, "सगळे घेत होते, मी एकटाच नको म्हणालो असतो." बायकोच्या एका ओळीत होतं, "ऑफिसात बोलणी खाल्ली, घरी यायचं नव्हतं." त्या रविवारी वाचन तिथेच थांबलं. ते बोलणी खाल्ल्याचं मला माहीत नव्हतं. कपाटातल्या त्या चपला मात्र मला माहीत होत्या. मी त्यांच्यावरून दोनदा टोमणे मारले होते.

चौदाव्या महिन्यात निळं कार्ड फिटलं. बर्फ फोडून बायकोने ते कापलं, आणि त्यावरचे सोळा आकडे नीट वेगवेगळे झालेत ना, ते तपासून घेतलं. एक कार्ड अजून बाकी आहे.

परवा त्याच कार्डाबद्दल फोन आला. मी अंघोळीला होतो, आईने घेतला. बाहेर येऊन पाहतो तर सगळे तिच्याभोवती. पलीकडची मुलगी सांगत होती की सर नियमित भरणा करत असल्यामुळे त्यांची मर्यादा दुप्पट करण्यात येत आहे. खोलीत टाचणी पडली तरी ऐकू आली असती. माझ्या डोळ्यांसमोर, खरं सांगतो, एक हेडफोन आला.

आई म्हणाली, "ते राहू दे बाळा. तुझं स्वतःचं किती थकलंय?"

पलीकडे शांतता. मग मुलगी हळू आवाजात बराच वेळ बोलत राहिली. आई "हं, हं" करत होती. मध्येच धाकटीला खूण करून तिने वही मागवली, मांडीवर घेतली, पान उलटलं.

"साधीच वही घे. पाच रकाने आख," आई फोनवर सांगत होती. "नाही, शेवटचा मी सांगते. त्यात खरं लिहायचं." आणि टॉवेल गुंडाळून उभ्या असलेल्या माझ्याकडे चष्म्यावरून बघत म्हणाली, "वेळ लागतो. लागू दे."