कापूस नको, खोकी घ्या

लेगोच्या ठोकळ्यांचं नाताळगाव कसं मांडायचं, यावरच्या लेखात बर्फ म्हणून कापूस अंथरायला सांगितलंय. तो नकोच! त्याचे तंतू ठोकळ्यांवरच्या गोल उंचवट्यांत अडकतात, वेचता वेचता जीव जातो. पांढरी बेसप्लेट, म्हणजे ठोकळे बसवायची सपाट पाटी, बरी. आमच्या नागपुरात महालक्ष्म्यांपुढे खेळण्यांची आरास मांडायचा हात बसलेला, म्हणून बुटांच्या खोक्यांवर पांढरी चादर टाकून मागची घरं वर चढवली. गाव लगेच टेकडीवर गेलं. (२००९चं खेळण्यांचं दुकान, लेगोच्या विंटर व्हिलेज या नाताळगावाच्या मालिकेतला पहिला सेट, काही मिळाला नाही बाप्पा.) गावाभोवती खेळण्यातली रेल्वे फिरवायची असेल, तर मात्र आधी जागेचा हिशेब करा. लेगोच्या नेहमीच्या रुळांचं वर्तुळ १६ वाकड्या तुकड्यांचं, बाहेरून ७० सेंटिमीटर भरतं. आमचं टीव्हीचं टेबल ४५चं! गाडी शेवटी दिवाणाखाली धावली.