डॉक्टरकडे जाताना डबा विसरू नका

मुंबईत वेसाव्याच्या कोळीवाड्यात दवाखाना टाकून मला २६ वर्षं झाली. माझा स्वभाव तिरसट आहे, असं गावात सगळे म्हणतात. खरं असेल. पण गेल्या मंगळवारी जे झालं त्यानंतर मी वाद घालणं सोडलं आहे. तुमचंच बरोबर. आजार तुमचा, निदान शेजारणीचं, औषध मेडिकलवाल्याचं, आणि डॉक्टर फक्त शिव्या खायला, ही पद्धत उत्तम आहे. ज्यांना ती अजून नीट जमत नाही त्यांच्यासाठी हे चार शब्द.

सगळ्यात आधी, दवाखान्यात यायचंच नाही. डॉक्टर बाजारात मिळतो. सकाळी मी पिशवी घेऊन मासळीबाजारात शिरलो की पापलेटचा भाव विचारायच्या आत पाटीमागून एक गुडघा पुढे येतो. "आधी ह्यो बघा, मंग भाव सांगते." मी चिखलात उकिडवा बसून गुडघा बघतो. गुडघा फुकट, पापलेट रोख.

रात्री एक वाजता व्हॉट्सॲपवर फोटो पाठवा. कशाचा आहे ते लिहू नका.

रक्त उपाशीपोटी द्यायचं म्हणजे जेवून यायचं नाही. चहा-खारी हे काही जेवण नव्हे.

बीपीवाल्यांनी मीठ सोडावं, म्हणजे ताटात वरून घेणं सोडावं. खारा बांगडा, लोणचं आणि पापड यांच्यात असतं ते मीठ नाही, ती चव.

डेंगी झाला की पपईच्या पानांचा रस, किवी आणि बकरीचं दूध यांची जमवाजमव करा. भरपूर पाणी प्या म्हणणारा डॉक्टर जुन्या वळणाचा समजावा.

अशक्तपणा वाटला तर सलाईन मागा, आणि मागताना पिवळी मागा, कारण पांढरीत ताकद नसते. मी नाही म्हटलं तर "नाक्यावरचे डॉक्टर लगेच लावतात" असं माझ्याकडे न बघता म्हणा. बाटलीत काय असतं हे मात्र विचारू नका, मला सांगावं लागेल. अर्ध्या लिटरच्या साध्या सलाईनमध्ये साडेचार ग्रॅम मीठ आणि बाकी पाणी. ग्लुकोजची असेल तर २५ ग्रॅम साखर, म्हणजे पाचेक चमचे. ज्याला तोंडाने पिता येतं त्याने घरी लिंबू सरबत केलं तरी तेच झालं. पण सरबताला स्टँड नसतो, आणि सरबत पिणाऱ्याला भेटायला नातेवाईक नारळपाणी घेऊन येत नाहीत.

आता मंगळवार.

जून-जुलैची ६१ दिवसांची मासेमारीबंदी संपून होड्या पुन्हा पाण्यात गेल्या की माझ्याकडे हात यायला लागतात. जाळ्याने कापलेले, दोराने सोललेले, शिंगाळा या काटेरी माशाने मारलेले. शिंगाळ्याच्या पाठीवरचा आणि बाजूच्या कल्ल्यांजवळचा काटा विषारी असतो हे कोळ्याला मी सांगायला नको. तर एक नाखवा, म्हणजे होडीचे मालक, शुक्रवारी लागलेला काटा घेऊन मंगळवारी आले. यातून धडा घ्या: दुखणं चार दिवस मुरू द्यावं. तोवर त्यावर हळद, चुना, तंबाखू आणि, मी वासावरून ओळखलं, डिझेल लावून झालं होतं. हात असा सुजला होता की बोटं मोजावी लागत होती.

"डाक्तर, एक सुई मारा. सांच्याला होरी निंगतेय."

मी म्हटलं, नाखवा, काटा लागला तेव्हाच हात गरम पाण्यात का नाही बुडवला? ते विष प्रथिनाचं असतं, उष्णतेने मोडतं. सोसेल इतकं गरम पाणी, ४५ अंशांच्या आसपास, भाजेल असं नाही. अर्धा ते दीड तास हात त्यात ठेवायचा, की ठणका उतरतो. मग जखम साफ करून घ्यायची, काट्याचा तुकडा आत राहिला नाही ना हे बघायचं, धनुर्वाताचं इंजेक्शन घ्यायचं. होडीवर दिवसातून सहा वेळा चहा होतो, म्हणजे पाणी गरम करायची सोय आहे.

"पाण्यानं कंचा आजार बरा होतो?" ते म्हणाले.

बरं, काही औषध घेतलं का? घेतलं होतं. तीन दिवस, पॉवरफुल. कुठलं ते सांगता येईना. तेव्हा सोबत आलेल्या त्यांच्या आईने, वय ऐंशीच्या पुढे, मासळीच्या पिशवीतून बिस्किटांचा जुना पत्र्याचा डबा काढून माझ्या टेबलावर ठेवला. अभिमानाने.

तर माझा मुख्य सल्ला हाच. प्रत्येक गल्लीत असा डबा असावा. गोळ्या महाग असतात. बरं वाटलं की उरलेल्या टाकायच्या कशाला? डब्यात जमा करायच्या. पांढरी तापाला, गुलाबी पित्ताला, दोन रंगांची कॅप्सूल आतल्या जखमेला. गेली कित्येक वर्षं आजी अख्ख्या गल्लीला औषध देताहेत, आणि मी बाहेर पाटी लावून बसलोय. पट्ट्या कात्रीने अशा कापलेल्या, की नाव एका तुकड्यावर, तारीख दुसऱ्यावर आणि गोळी तिसऱ्याच माणसाच्या पोटात.

एका पुडीवर माझंच अक्षर होतं. "५ दिवस, पूर्ण." आत तीन दिवसांच्या गोळ्या शिल्लक. मी विचारलं, आजी, हे वाचलं नाही का? "वाचलं की. पूर्ण, पूर्ण ते तुमी समद्यांनाच लिवता."

हो, सगळ्यांनाच लिहितो. कारण दोन दिवसांत ताप उतरला म्हणजे जंतू संपले असं नव्हे. पेनिसिलीन शोधणाऱ्या फ्लेमिंगने १९४५ साली नोबेल घेताना भाषणात हेच बजावलं होतं, की अपुरा डोस दिलात तर जंतू मरणार नाहीत, उलट औषधाला सरावतील. त्याला वाटलं असेल, लोक ऐकतील. आणि शिंगाळ्याच्या काट्यावर कोणाच्या तरी घशाचं अर्धं औषध! समुद्राच्या पाण्यातल्या जखमेत कुठले जंतू जातात, त्यांना काय लागू पडतं, याचा काही विचार? नाखवांचं बोट वाचेल की नाही हे मला मंगळवारी सांगता येत नव्हतं, आणि ते घड्याळ बघत होते. भरतीची वेळ होत होती.

मी डबा टेबलावर उपडा केला. तळाशी सरकारी पट्टी होती. क्षयाची. निम्म्या गोळ्या फोडलेल्या.

आजी, ही कुणाची?

नाव सांगेनात. म्हणाल्या, "ती लई ताकदीची हाय. लघवी लाल होते, आंगातली उष्णता भाईर पडते." दोघाचौघांना दिली म्हणे, उष्णतेवर.

लघवी लाल होते ती रिफाम्पिसिनमुळे. औषधाचा रंग आहे तो. उष्णता कसली डोंबलाची!

आता पट्टीवाल्या, तू वाच. सहा महिन्यांचं औषध आहे ते. पहिल्या दोन महिन्यांत खोकला थांबतो, भूक लागते, वजन वाढतं, आणि तुला वाटलं सुटलो. तू सुटला नाहीस. तुझ्या छातीत जे जंतू उरलेत ते सगळ्यात चिवट आहेत, आणि दहा बाय बाराच्या खोलीत तुझ्याशेजारी तुझी पोरं झोपतात. २०११ च्या शेवटी याच मुंबईत डॉक्टरांनी असे रुग्ण नोंदवले, ज्यांच्या क्षयाने तपासलेल्या एकाही औषधाला दाद दिली नव्हती. तो रोग आकाशातून पडलेला नाही. अर्ध्या सोडलेल्या औषधांतून आणि चुकीच्या औषधांतून तो तयार होतो. आणि चुकीची औषधं लिहिणाऱ्यांत आम्ही डॉक्टरही आहोत, ते मी नाकारत नाही. पण इथे गोळ्या बरोबर होत्या, फुकट होत्या, पोषणाचे महिन्याला हजार रुपये खात्यात येतात, आणि तू त्या बिस्किटाच्या डब्यात टाकल्यास! अक्कल गहाण ठेवली होतीस का? लाज वाटली असेल, कुणी बघेल म्हणून. मग पोरांना लागण झाल्यावर काय सांगणार आहेस?

आणि ज्यांनी ज्यांनी त्यातली एकेक गोळी "उष्णतेवर" घेतली, त्यांनीही यायचं. कुणाला खोकला आहे का, किती दिवस आहे, मला बघायचंय.

नाखवांना मी मोठ्या हॉस्पिटलात धाडलं. दोघा मुलांनी धरून नेलं. होडी त्यांच्याशिवाय गेली.

डबा माझ्या कपाटात आहे, कुलूप लावून. आजी दोनदा मागायला आल्या, दुसऱ्यांदा ताजे बोंबील घेऊन. बोंबील ठेवून घेतले, डबा दिला नाही.

पट्टी ज्याची आहे त्याने यावं. पालिकेच्या दवाखान्यात मी स्वतः सोबत येईन. दिवसा यायची लाज वाटत असेल तर रात्री एकला ये, मी जागाच असतो.