काकू ‘गेल्या’ असं लिहा ना

सकाळी साडेसातला सोसायटीच्या ग्रुपवर मेसेज आला. चौथ्या मजल्यावरच्या काकू ‘एक्स्पायर झाल्या’. खाली हात जोडलेल्या इमोजींची रांग. काकूंसाठी डोळ्यांत पाणी यायच्या आधी मला त्या शब्दाचाच राग आला, आणि तो अजून उतरलेला नाही.

आमचे बाबा महिन्याच्या पहिल्या रविवारी औषधांचा डबा उपडा करायचे. भिंग घेऊन एकेका पाकिटावरची तारीख वाचायचे. “ही एक्स्पायर झाली, टाकून दे.” मी टाकायची. नऊ वर्षांपूर्वी एका हॉस्पिटलच्या काउंटरवर मला सांगितलं, “तुमचे पेशंट एक्स्पायर झालेत, फाइल घेऊन खाली बिलिंगला जा.” माझ्या डोळ्यांसमोर तो डबा आला. आणि कचऱ्याची बादली.

हो, मूळ लॅटिनमध्ये त्याचा अर्थ श्वास बाहेर टाकणे. जुन्या इंग्रजीत माणसंही एक्स्पायर व्हायची, डॉक्टरी कागदांत आजही होतात. असेल! आपल्या घरात तो शब्द आला तो गोळ्यांच्या पाकिटावरून, ब्रेडच्या पुड्यावरून, गाडीच्या इन्शुरन्सवरून.

आणि आपल्याकडे काय शब्दांचा दुष्काळ आहे? वारले. निवर्तले. देवाज्ञा झाली. लेकरू देवाघरी जातं, सवाष्ण अहेवपणी जाते, जवानाला वीरमरण येतं. कुणाच्या नावाआधी कै., वारकऱ्याच्या नावाआधी वै., बौद्ध घरांत कालकथित, मुसलमान शेजारी पैगंबरवासी, वसईकडे ख्रिस्तवासी. तुकोबांचं वैकुंठगमन. बाबासाहेबांचं ६ डिसेंबर १९५६चं महापरिनिर्वाण. माणूस कुणाचा होता, कुठे निघाला, सगळं त्या एका शब्दात येतं. अहो, २१ दिवसांच्या आत बाबांची नोंद करायला गेले, तर पालिकेच्या अर्जावरसुद्धा साधं, स्वच्छ ‘मृत्यू’ होतं!

लिहिता लिहिता काउंटरवरची ती मुलगी आठवली. बावीस-तेवीसची असेल, रात्रपाळीने डोळे तारवटलेले. असं किती जणांना सांगावं लागत असेल तिला. आपल्या भाषेतला शब्द जिभेवर येत नसेल, म्हणून परक्या शब्दाचा आडोसा घेत असेल. तिच्यावर राग नाही माझा. आज ग्रुपवर लिहिणाऱ्या दादांवरही आता फारसा नाही.

पण त्या रात्री ते ऐकून मी रडलेच नाही. सही केली, पैसे भरले, पावती नीट घडी करून पर्समध्ये ठेवली. मग वॉर्डात लादी पुसणाऱ्या मावशी आल्या, फडकं बादलीत टाकलं, पाठीवर ओला हात ठेवून म्हणाल्या, “बाबा गेले गं बाई.” तेव्हा कुठे मी रडले.

ग्रुपवर मी पुन्हा लिहिलंय, ‘काकू आज पहाटे गेल्या.’ कुणाला आगाऊपणा वाटला तर वाटो. त्यांच्याकडे आज चूल पेटणार नाही. पिठलं-भात मी नेतेय. भाकरी कोण करतंय तेवढं सांगा.